बाहेर करून येतो, तरी घरात तंगडी वर करतो: मोठ्या कुत्र्याचं मार्किंग कसं थांबवायचं?

दत्तक आणलेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा अर्धा तास फिरून येतो, बाहेर पोटभर शू करतो आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या सोफ्याच्या कोपऱ्यावर तंगडी वर करतो. "अरे, आत्ताच तर करून आलास!" हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि कोडं नेमकं तिथेच सुटतं. मूत्राशय रिकामं करणं आणि खूण ठेवणं ही कुत्र्याच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बाहेर करायचं हे त्याला कळलेलं असतं. दुसऱ्याबद्दल कुणी काही सांगितलेलंच नसतं. त्यात सूड नसतो आणि माज उतरवण्यासारखंही काही नसतं. नवी जागा, परके वास, खिडकीतून दिसणारी दुसरी कुत्री, या सगळ्यात तो आपला वास ठेवून जातो.

खालचा सगळा खटाटोप एका गोष्टीभोवती फिरतो: सध्या त्याच्याकडून घर काढून घ्यायचं आणि मग एकेक खोली परत द्यायची. नसबंदी, क्लीनर, पट्टे, खाऊ या सगळ्यांचा उपयोग आहे, पण मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यावर यातलं काहीच टिकत नाही.

आधी हे मार्किंगच आहे ना, ते बघा

मार्किंगची शू थोडी असते, चार-दोन पिचकाऱ्या. ती बहुतेक उभ्या वस्तूवर पडते: सोफ्याचा पाय, पडद्याचं टोक, दाराची चौकट, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर. ठिकाणं ठरलेली असतात. माद्याही मार्किंग करतात. काही अर्धवट बसून, एक पाय किंचित उचलून करतात आणि माजाच्या आसपास त्याचं प्रमाण वाढतं.

आडव्या फरशीवर मोठं तळं दिसलं तर प्रकरण वेगळं आहे. झोपल्या जागी गादी ओली होत असेल, विशेषतः नसबंदी झालेल्या मादीची, तर ती गळती आहे आणि औषधानं बहुधा आटोक्यात येते. तुम्ही घरी आल्यावर कान पाडून, अंग आकसून शू सोडतो तो घाबरलेला किंवा अतिउत्साही कुत्रा. त्याच्याकडे वाकून न बघता, आवाज न करता आत यायचं, एवढ्यानंही फरक पडतो. फक्त एकटा असतानाच होत असेल आणि सोबत दार ओरबाडणं, सतत भुंकणंही असेल तर एकटेपणाच्या भीतीवर काम करावं लागेल.

डॉक्टरांकडे एकदा जाच, विशेषतः आजवर कोरडं घर अचानक ओलं व्हायला लागलं असेल तर. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, न खच्ची केलेल्या वयस्क नरात वाढलेली प्रोस्टेट, यातलं काहीही यामागे असू शकतं. खाजेसाठी प्रेडनिसोलोन (एक स्टेरॉइड) सुरू असेल तर तहान आणि शू दोन्ही वाढतात; ते डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. जाताना सकाळच्या पहिल्या शूचा नमुना न्या. जुना लांब दांड्याचा डाव स्वच्छ धुऊन कोरडा करा, धार सुरू झाल्यावर अलगद खाली धरा आणि झाकणाच्या डबीत ओता. तासा-दोन तासांत पोचणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा.

पाणी किती पितो तेही मोजून सांगता आलं पाहिजे. सकाळी लिटरच्या बाटलीनं मोजून भांडं भरायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करायचं. निरोगी कुत्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला दिवसाला ५० ते ६० मिली पितो, म्हणजे २० किलोचा कुत्रा लिटर-सव्वा लिटर. कोरडं पेलेट खाणारा जास्त पितो, दही-भात खाणारा कमी, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हे आकडे वर सरकतात. पण किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर रक्त-लघवी तपासायलाच हवी.

एक गोष्ट मात्र मार्किंग समजून अंगावर काढू नका. नर कुत्रा पुन्हा पुन्हा तंगडी वर करतोय, जोर लावतोय आणि थेंबच पडतोय किंवा काहीच पडत नाही, तर मार्ग अडलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. लाल किंवा कॉफीच्या रंगाची शू दिसली तरीही तेच. गोचीड तापाचा एक प्रकार असाच दिसतो.

नसबंदी: उपयोग आहे, पण जादू नाही

नर कुत्र्याची नसबंदी झाल्यावर मार्किंग बऱ्याच जणांत ठळकपणे कमी होतं. सगळ्यांत पूर्ण थांबतं असं नाही. शस्त्रक्रियेनंतर फरक दिसायला काही आठवडे जातात, आणि वर्षानुवर्षं मुरलेली सवय हार्मोन गेले तरी मागे उरते. म्हणून टाके निघेपर्यंत वाट न बघता खालच्या पायऱ्या लगेच सुरू करा. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं किंवा कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी बहुधा आधीच झालेली आहे. तरी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

भाद्रपद आणि कुत्र्यांचा माज यांचा संबंध आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खच्ची न केलेल्या नराला गल्लीतल्या माजावरच्या मादीचा वास घरबसल्या येतो आणि तो दिवसाकाठी दहा ठिकाणी खुणा करत सुटतो. त्यातच घरी गणपती, म्हणजे नवं मखर, केळीचे खुंट, पाहुण्यांच्या चपलांचा ढीग. ज्यांनी श्रावणात शिस्त लावायला घेतली, त्यांची या दहा दिवसांत परीक्षा असते. दत्तक घेतलेला नर असेल तर नसबंदी शक्यतो पावसाळ्याआधी उरकून घ्या.

वास मुळापासून घालवा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या करणारी माणसं स्वच्छताप्रिय असतात. फिनेलनं पुसलेली फरशी तुमच्या नाकाला स्वच्छ वाटते. कुत्र्याला फिनेलखालचा जुना वास तसाच येतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर आणखी वाईट, कारण शिळ्या शूलाही अमोनियाचाच दर्प असतो. काळं फिनेल घरात नकोच. त्यातले फिनॉल पंजांना लागतात आणि कुत्रा पंजे चाटतो. ब्लीच शूवर ओतू नका. शूतल्या अमोनियाशी संयोग होऊन डोळे-घसा जाळणारा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळणं त्याहून धोक्याचं.

खरा गुन्हेगार मात्र लादी पुसायचं फडकं. हॉलच्या कोपऱ्यात दोन पिचकाऱ्या पडलेल्या असतात, सकाळी मावशी त्या ओघातच पुसतात, फडकं बादलीत बुडतं, त्याच पाण्यानं बेडरूम, पॅसेज, देवघरासमोरची जागा पुसली जाते. एका कोपऱ्याचा वास तासाभरात घरभर. मावशींना नीट समजावून सांगा: शू दिसली तर हाक मारायची, आधी जुन्या वर्तमानपत्रानं किंवा टिश्यूनं दाबून टिपायची (घासायची नाही), कागद बाहेर टाकायचा, ती जागा साफ झाली की मगच बाकीची लादी. त्या कामाचं फडकं वेगळं ठेवा, दुसऱ्या रंगाचं.

टिपून झाल्यावर एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूतले वास देणारे घटकच मोडून टाकणारं. पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन मिळतं. वापरायची रीत अशी: डागापेक्षा वीतभर जास्त जागा चिंब भिजवायची, बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा १० ते १५ मिनिटं, ओली ठेवायची आणि आपोआप वाळू द्यायची. लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. त्या जागी आधी ब्लीच किंवा साबण वापरला असेल तर साध्या पाण्यानं दोनदा धुऊन घ्या, नाहीतर एन्झाइम निकामी होतात. सोफ्याच्या फोममध्ये शू जितकी खोल गेली तितकं क्लीनरही खोल जायला हवं, म्हणजे वरवरची फवारणी पुरत नाही. प्लायवुडच्या कपाटाचा खालचा काठ फुगला असेल तर शू आत मुरलेली आहे. साफ करून, पूर्ण वाळवून पॉलिश किंवा रंगाचा हात मारून बंद करा. डिस्टेंपरची भिंत शू शोषते. तिथे डाग साफ केल्यावर खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा धुता येणाऱ्या रंगानं रंगवलेला बरा.

एन्झाइम क्लीनर मिळेपर्यंत व्हिनेगर-पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण फक्त सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर. संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा यांवर नाही. हे सगळे चुन्याचे दगड, व्हिनेगर त्यांची झिलई खातं आणि पांढुरके चट्टे कायमचे राहतात.

जुने डाग शोधायला रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. शूचे डाग पिवळट-हिरवे चमकतात. डिटर्जंटही चमकतं, तेव्हा शंका आली की जवळ जाऊन वास घ्या. प्रत्येक डागाला खडूनं गोल करा आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंत भिंती, पडदे, दिवाणाच्या कडाही बघा. शू खाली पडण्याआधी वर लागलेली असते आणि आपण नुसती लादी पुसत बसतो.

घर लहान करा

आता मुख्य काम. पुढचे काही आठवडे कुत्रा तीनपैकी एका स्थितीत असेल: तुमच्या पट्ट्याला, त्याच्या छोट्या जागेत, किंवा घराबाहेर. चौथी स्थिती नाही.

घरात असताना पाच-सहा फुटांचा हलका पट्टा हार्नेसला (छाती-पाठीवरून बांधतात त्या पट्ट्यांना) लावा आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. भाजी चिरताना, लॅपटॉपवर काम करताना, टीव्ही बघताना तो शेजारी. चोक चेन नको, आणि पट्टा बांधून खोलीतून निघून जायचं नाही. लक्ष देणं शक्य नसेल तेव्हा छोटी जागा: सवय असेल तर क्रेट (कुत्र्याचा पिंजरा), नाहीतर बेबी गेट लावून अडवलेला खोलीचा कोपरा. तिथे त्याचं अंथरूण, पाणी, चघळायला काहीतरी. झोपतो-खातो ती जागा कुत्रा सहसा घाण करत नाही, ही प्रवृत्ती तुमच्या बाजूनं काम करते. बाथरूममध्ये कोंडणं किंवा उन्हाच्या बाल्कनीत बांधणं म्हणजे छोटी जागा नव्हे. क्रेटमध्ये दिवसभर ठेवून ऑफिसला जायचं हेही नाही. तसं असेल तर मधल्या वेळी कुणीतरी येऊन बाहेर नेण्याची सोय आधी करा आणि मग ही शिस्त सुरू करा.

घरातल्या सगळ्यांचं यावर एकमत हवं. एकानं पट्टा धरायचा आणि दुसऱ्यानं "बिचारा, किती वेळ बांधून ठेवता" म्हणत सोडायचा, असं झालं तर काम दुप्पट लांबतं. आजींना देवघराची काळजी असेल तर ती रास्त आहे. ते दार पहिल्या दिवसापासून बंद आणि सगळ्यात शेवटी उघडायचं, असं सांगितलं की त्या तुमच्या सगळ्यात कडक पहारेकरी होतात.

बाहेर काय करायचं

सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा: उठल्यावर, सकाळच्या खाण्यानंतर, दुपारी, संध्याकाळी, रात्रीच्या खाण्यानंतर आणि झोपण्याआधी. सगळ्या लांब फेऱ्या नकोत. दोन चांगल्या, वीस-तीस मिनिटांच्या, भरपूर हुंगू देणाऱ्या. बाकीच्या पाच-सात मिनिटांच्या.

एकाच गेटनं, एकाच ठरावीक जागी न्या. उभे राहा, बोलू नका. धार सुरू होताच हलक्या आवाजात एकदाच "शू कर" म्हणा. पूर्ण झाली की लगेच, दोन सेकंदांच्या आत, तिथेच उभं राहून खाऊ द्या. घरी येऊन दिलेल्या बिस्किटाचा संबंध त्याच्या डोक्यात शूशी लागत नाही. खाऊ चणेदाणे एवढा: उकडलेलं चिकन, पनीर, अंड्याचा पांढरा भाग, उकडलेलं रताळं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काहीही नाही. शू झाल्या झाल्या घरी फिरू नका, नाहीतर शू म्हणजे मजा संपली असा अर्थ निघतो आणि हुशार कुत्रा धरून ठेवायला शिकतो.

नर बाहेर खांबा-खांबावर थोडी थोडी सोडतो आणि पुढच्यासाठी राखून ठेवतो. म्हणून पिचकारी आणि लांब धार यातला फरक ओळखा. लांब धार होईपर्यंत फेरी संपलेली नाही. नाहीच झाली तर घरी आणा, पट्ट्यावरच ठेवा, १०-१५ मिनिटांनी पुन्हा न्या. दारातून आत आल्यावरची पहिली काही मिनिटं सगळ्यात धोक्याची. पट्टा काढायची घाई नको.

शेजाऱ्यांच्या गाड्यांची टायरं आणि लोकांची फाटकं सोडून पुढे न्या, सोबत पाण्याची बाटली ठेवा. सोसायटीच्या सभेत हा विषय निघण्याआधीच बंद केलेला चांगला. पावसाळ्यात काही कुत्री ओल्या गवतावर पायच ठेवत नाहीत. जूनआधीच छत असलेली एखादी मातीची जागा हेरून तिथली सवय लावा. मोठ्या कुत्र्याला घरात वर्तमानपत्र किंवा पॅड देणं मला पटत नाही. मार्किंग करणाऱ्याला "घरात इथे चालतं, तिथे नाही" हा बारकावा शिकवणं अवघड; "घरात नाही" हे सोपं. आजारी, म्हातारा कुत्रा किंवा लिफ्ट बंद पडणारी इमारत असेल तर गोष्ट निराळी.

पाणी तोडू नका. निरोगी कुत्र्याचं भांडं झोपण्याआधी तास-दीड तास उचललं तर चालतं, तेही उन्हाळ्यात नाही.

तंगडी उचलण्याआधीचे पाच सेकंद

पट्टा कमरेला का बांधायचा, ते इथे कळतं. खूण करण्याआधी कुत्र्याचं नाक एका जागी चिकटतं. चालताना इकडेतिकडे हुंगणं वेगळं. इथे मान स्थिर होते, श्वास छोटे आणि भराभर येतात, कधी तो ती जागा चाटतो. मग अंग त्या वस्तूला समांतर वळतं आणि मागच्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर सरकतो. पाय उचलायच्या आत, नाक चिकटल्या क्षणी, त्याचं नाव घ्या किंवा जीभ टाळूला लावून टॉक असा आवाज करा. त्यानं वळून बघितलं की खाऊ, आणि पट्ट्यानं हळूच दुसरीकडे, शक्य असेल तर थेट बाहेर. पाय उचललाच असेल तरी तेच करा. ओरडू नका.

उशिरा सापडलेल्या डागासाठी रागावण्यात काही अर्थ नाही. नाक घासणं, वर्तमानपत्रानं मारणं याचा परिणाम एवढाच होतो, की तो तुमच्यासमोर शू करायला घाबरतो. मग बाहेरही तुम्ही बघत असताना करत नाही आणि घरात दिवाणामागे जाऊन करतो. "अपराध्यासारखा बघतो" असं आपण म्हणतो, ते तुमच्या चेहऱ्याला घाबरणं असतं.

कशामुळे करतो, ते टिपून ठेवा

फ्रीजवर एक कागद लावा: वेळ, जागा, त्याआधी काय झालं. आठवड्यात चित्र दिसायला लागतं. खिडकीखालचीच भिंत ओली होत असेल तर तो खिडकीतून रस्त्यावरची कुत्री बघतोय. काचेच्या खालच्या भागाला दूधकाचेसारखी फिल्म लावा, सोफा तिथून हलवा. पाहुणे आल्यावर होत असेल तर चपला बंद कपाटात, पिशव्या खुंटीवर, आणि पहिला तासभर कुत्रा पट्ट्यावर. घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू, कपाट असो की बदललेला सिलिंडर, त्याला पट्ट्यावर हुंगू द्या आणि वळल्यावर खाऊ द्या. दुसऱ्या कुत्र्याला हात लावून आलात तर कपडे जमिनीवर टाकू नका. घरात दोन कुत्री असतील तर एकाच्या डागावर दुसरा करतो. दोघांना वेगवेगळं न्या आणि सुरुवात कोण करतो ते शोधा.

साफ केलेल्या जुन्या जागांचा अर्थ बदलता येतो. जिथे हमखास करायचा तिथे त्याचं जेवणाचं भांडं ठेवा किंवा रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसा, खाऊ पसरून शोधायला लावा. साधा उपाय आहे, पण फवारण्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

घर परत देताना

दोन आठवडे पूर्ण कोरडे गेले की पहिली खोली द्या, जिथे तुम्ही सगळ्यात जास्त असता ती. पट्टा सोडा पण जमिनीवर ओढत राहू द्या. आणखी आठवडा कोरडा गेला की पुढची. वेळ शू करून आल्यानंतरचीच निवडा. चूक झाली तर एक खोली मागे जा, शून्यावर नको. पाहुणे, सण, घरातलं रंगकाम या काळात नवी खोली उघडायची नाही. दोन-तीन महिने धरून चाला. पाच-सहा वर्षांची सवय असेल तर त्याहून जास्त.

बेली बँडबद्दल विचारलं जातंच. नराच्या पोटाभोवती गुंडाळायचा हा पट्टा सोफा वाचवतो, पण शिकवत काही नाही, आणि ओला राहिला तर कातडी सोलवटते. लग्नघरी किंवा प्रवासात दोन तासांसाठी ठीक. रोजचा केला तर वर सांगितलेलं पहारा द्यायचं काम आपण नकळत सोडून देतो.

सगळं नीट करूनही तीन महिन्यांत फरक नसेल, किंवा कुत्रा एकूणच सतत दचकलेला, येरझाऱ्या घालणारा असेल, तर पुन्हा डॉक्टरांशी बोला. चिंता कमी करणारी औषधं कुत्र्यांना दिली जातात आणि प्रशिक्षणाच्या जोडीनं ती उपयोगी पडतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरातल्या माणसाच्या गोळ्या कधीही नाही.

आणि सुट्टीत गावी नेताना, किंवा मावशीकडे मुक्कामाला जाताना, तो नव्या घरात नवाच आहे असं समजा. आधी अंगणात लांब धार होऊ द्या, मग पट्ट्यावरच आत, त्याची घरची चादर एका कोपऱ्यात, आणि तुळशी वृंदावनापासून दूर.